रणगाड्यांच्या बदल्यात खोली

सरस उकळायला लागला की त्याचा वास आधी डोळ्यांना झोंबतो आणि मग घशात उतरतो. लाकूड चिकटवायचा हा सरस कातडी, खुरं, हाडं शिजवून करतात. बाजारात त्याच्या तपकिरी वड्या मिळतात, काचेच्या तुकड्यांसारख्या. त्या फोडायच्या, भिजत घालायच्या आणि गरम पाण्याच्या भांड्यात डबा ठेवून मंद शिजवायच्या. आमचं घर महानुभावी. अंड्याचं टरफल वाऱ्याने अंगणात आलं तर आई ते काडीने बाहेर लोटायची आणि ती काडीही फेकून द्यायची. त्या घरातला मी इंटरच्या वर्षी जवळजवळ रोज सरसाच्या डब्यावर वाकून बसत होतो. कारण त्या कामाच्या बदल्यात मला चांद्यात राहायला खोली होती.

खोली म्हणजे एका बंगल्याच्या मागची, एकेकाळी घोड्याचं सामान ठेवायची जागा. भिंतीला खुंट्या होत्या आणि एक खिडकी होती. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. चांद्यात आमचं कुणी नव्हतं. कॉलेज नवीन होतं, त्याला वसतिगृह नव्हतं. पहिलं वर्ष मी एका देवळाच्या ओवरीत काढलं आणि पावसाने दोनदा पुस्तकं भिजवली. म्हणून ती खोली गेली तर कॉलेज गेलं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती मिळाली तान्ह्या पोळ्यामुळे. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात लहान मुलं चाकं लावलेले लाकडी बैल दोरीने ओढत फिरवतात. ओवरीसमोरच्या घरातल्या मुलाला मी शिवणीच्या लाकडाचा एक बैल करून दिला होता. शिवण हलकी, भुसभुशीत नाही, पण सुरीला आडवी येत नाही. लहानपणी गुरांमागे रानात बसून मी त्याच लाकडाच्या घंटा कोरत असे. त्या बैलाची चाकं मी जरा विचार करून बसवली होती. चार चाकं सुटी सुटी हलत, त्यामुळे दगड आला तरी बैल उलटत नसे.

गर्दीतून एक उंच गृहस्थ त्या मुलापाशी वाकले. मिशा पांढऱ्या, अंगात खाकी अर्धी पँट. त्यांनी बैल उलटा केला आणि विचारलं, "चाकं कोणी बसवली?"

मुलाने माझ्याकडे बोट दाखवलं.

"कॉलेजात आहेस?"

"हो साहेब."

"राहतोस कुठं?"

मी देवळाकडे बोट दाखवलं. त्यांनी बैल मुलाला परत दिला. "उद्या बंगल्यावर ये," म्हणाले.

साहेब लढाईच्या काळात रणगाड्यांच्या पलटणीत होते. ब्रह्मदेशात लढले होते. निवृत्त झाल्यावर जंगलातल्या लाकडाचा ठेका घेऊन ते इकडे राहिले होते. मूळचे देशावरचे. बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात त्यांनी एक अवाढव्य सागवानी टेबल करून घेतलं होतं. त्याला चारी बाजूंनी काठ होता आणि आत इरई नदीची चाळलेली वाळू. तिच्यावर ते लढाई खेळत. आपण सोंगट्या खेळतो तशीच, पण सोंगट्यांच्या जागी बोटभर लांबीचे रणगाडे, तोफा, ट्रक. कोण किती पुढे सरकणार ते फूटपट्टीने मोजायचं आणि कुणाचा गोळा कुणाला लागला ते फासे टाकून ठरवायचं. त्यांच्यासोबत लढलेले एक दुसरे साहेब दर हिवाळ्यात मुंबईहून शिकारीसाठी येत आणि मग आठवडाभर हा खेळ चाले.

अडचण अशी की, ते दुसरे साहेब विलायती दुकानातून शिशाचे रणगाडे आणत, पण ते सगळे एकाच फौजेचे असत. शत्रू कमी पडत होता. शत्रू मी करायचा होता.

लिहायला संकोच वाटतो, पण मला ते काम फार आवडलं. साहेबांकडे रणगाड्यांच्या आकृत्यांचं एक जुनं पुस्तक होतं. त्यातून माप काढून मी शिवणीची धडं कोरली. तोफेच्या नळीसाठी साळिंदराचा काटा वापरला. तो आतून पोकळ असतो आणि टोकाकडे निमुळता होत जातो. बिनतारी यंत्राच्या दांडीसाठी झाडूची काडी. चिलखताच्या पत्र्यावरचे रिव्हेट म्हणून मोहरीचे दाणे सरसात बसवले. पट्टे, म्हणजे रणगाडा ज्यावर चालतो त्या साखळ्या, मी बांबूच्या बारीक कामट्या कापडी फितीवर एकेक चिकटवून केल्या. साहेबांनी दिलेल्या शिशाच्या एका रणगाड्याचं डोकं करवतीने कापलं आणि त्यावर लाकडाचं, लांब तोफेचं डोकं बसवलं. ते फिरतं केलं. साहेबांनी ते बोटाने फिरवलं आणि लहान मुलासारखे हसले.

साहेब वाईट नव्हते, हे लिहिलं पाहिजे. त्यांनी मला वाचायला कंदील दिला. माझा इंग्रजी निबंध तपासून दिला. "घाबरत लिहितोस. वाक्य संपव," असं म्हणाले. मला ते अजून आठवतं.

स्वयंपाकाला एक बाई येत. पन्नाशीच्या असतील. त्या मला कधी नुसतं 'भाऊ' म्हणत नसत.

"कालेजवाले भाऊ, काय शिजवून राह्यले आज? रस्सा?"

"सरस आहे, बाई."

"माह्या सैपाकघरात वास येऊन राह्यला. साहेबाले वाटते मीच काही जाळलं." मग माझ्या हातातला रणगाडा बघत, "हे काय, रेडा होय का?"

"रणगाडा."

"मिशा पांढऱ्या झाल्या आन खेळणे पाह्यजेत. तुमच्या कालेजात हेच शिकवतेत काय?"

मी हसायचो. पण सरसाचा वास बोटांना राहायचा आणि जेवताना घास तोंडाजवळ आला की आधी तोच यायचा. बेलफळाचा चिकट गर आणि धावड्याचा डिंक मिसळून मी काही जोड लावून पाहिले. ते बरे धरत. पण सरस लवकर वाळायचा आणि साहेबांना घाई असायची.

कार्तिकात साहेब म्हणाले, "आता एक गाव कर. मैदानात नुसते रणगाडे भांडताहेत, मजा नाही. दहाबारा घरं, विहीर, झाडं. इकडची जंगलातली गावं असतात तसं."

मला एकच गाव नीट माहीत होतं. ते धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलाला लागून. मी तेच केलं. कुडाच्या भिंती बारीक कामट्यांच्या विणल्या, त्यांना माती आणि शेण लावलं. छपरांना तणस, म्हणजे धानाचा पेंढा. विहिरीजवळ मोहाचं झाड, ज्याची एक फांदी विहिरीवर आली आहे. आमच्या घरामागे कोठा, म्हणजे गुरं बांधायचा वाडगा, आणि त्याच्या फाटकाला अडसरासारखी आडवी बल्ली. ती बल्ली मी सुटी ठेवली होती. काढता यायची, घालता यायची. कुणासाठी ते मला सांगता येणार नाही. गाव पूर्ण झाल्यावर मी ते वाळूत मांडलं आणि बराच वेळ बघत राहिलो. त्या दिवशी मला घरची फार आठवण आली.

राहिले होते रणगाड्यांचे पट्टे. ते लाकडाच्या रंगाचे दिसत होते, साहेबांना लोखंडासारखे काळे हवे होते. मी बिब्बा वापरला. आमच्याकडे लाकडाला वाळवी लागू नये म्हणून बिब्ब्याचं तेल देतात. काळाभोर, चमकदार रंग बसतो आणि आयुष्यभर जात नाही. पण कच्चा बिब्बा अंगाला लागला तर उततो, म्हणजे त्या जागी फोड येतात. म्हणून वरून चुन्याची निवळी मारायची आणि मग चांगला पंधरवडाभर ऊन दाखवायचं. मला स्वतःला बिब्बा कधी उतला नाही. काही माणसांना उतत नाही. निवळी मारून मी रणगाडे खिडकीत उन्हाला ठेवले. मुंबईचे ते पाहुणे साहेब यायला अजून वेळ होता.

पाहुणे लवकर आले. बैलगाडीतून बंदुका, कुत्री, एक पेटी. त्याच दिवशी दुपारी माझे बाबाही आले. धान झोडून झालं होतं म्हणून नव्या तांदळाचं गाठोडं घेऊन निघालेले. धानोऱ्याहून गडचिरोलीपर्यंत पायी, डोंग्यातून वैनगंगा ओलांडून मूलला मोटारीने, आणि तिथून छोट्या रेल्वेने चांद्याला. गाठोडं खोलीत ठेवून ते म्हणाले, "चाल, तुह्या साहेबाले रामराम करून येऊ. माणसानं जागा देल्ली आपल्याले."

आम्ही व्हरांड्यात गेलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. माझ्या खिडकीतले रणगाडे टेबलावर होते. साहेबांनी स्वतः आणून मांडले असावेत. माझ्या मनात आलं, ऊन पुरेसं झालं नाही. पण मी बोललो नाही. आमच्या गावात असं नवं काळं चकचकीत लाकूड कुणी पाहिलं की तो आपणच हात मागे घेतो आणि विचारतो, सुकलं काय? सांगायची वेळच येत नाही. समोरच्या माणसाला हे माहीत नसेल हे मला सुचलंच नाही.

"या, या," पाहुणे बाबांना म्हणाले. लाल, गुळगुळीत चेहरा आणि सारखी मिशीवर फिरणारी बोटं. "तुमचा मुलगा म्हणजे कारागीर आहे."

बाबा वहाणा काढून पायरीवर बसले. तिथून टेबल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला येत होतं. त्यांनी एक रणगाडा पाहिला. "याले बैल कुठी जुपतेत?" असं मला हळूच विचारलं.

"बैल नाहीत, बाबा. इंजिन आहे."

मग त्यांची नजर गावावर गेली. त्यांनी विहिरीवरच्या फांदीकडे बोट केलं.

"आपलंच होय ना रे?"

मी मान हलवली.

बाईंनी तळलेल्या लाव्हऱ्यांची, म्हणजे रानातल्या लहान पाखरांची, ताटली आणून ठेवली. त्या सकाळी मारलेल्या होत्या. पाहुण्यांनी एक उचलली, तिची हाडं दातांखाली मोडत फासा टाकला आणि फूटपट्टी ठेवून म्हणाले, "गावातून सरळ गेलो तर पोचतो. वळसा घातला तर नाही."

"नियमात सरळ जाता येतं," साहेब म्हणाले. "निम्म्या वेगाने."

"निम्म्या कशाला? झोपड्या आहेत."

त्यांनी त्याच तुपकट बोटांनी शिशाचा जड रणगाडा धरला, ज्याला मी बांबूचे पट्टे आणि लांब तोफ बसवली होती, आणि तो घरांवरून ढकलला. कामट्या कडकड मोडल्या. खालून मातीचा भुगा निघाला. सरसाने लावलेला एक कूड मोडला नाही, तो पट्ट्याला चिकटला आणि रणगाड्यासोबत ओढला जाऊ लागला. पाहुण्यांनी तो नखाने खरवडला. "चिकटलंय साल्याला." मग साहेबांकडे बघून हसले. "आठवतं? संध्याकाळी पट्टे साफ करताना काय काय निघायचं. गोधड्या, कोंबड्या. एकदा तर अख्खा पाळणा."

"रिकामा होता तो," साहेब म्हणाले.

"असेल. लोक आधी पळालेले असायचे म्हणा."

ते 'म्हणा' माझ्या कानात बसलं. पाहुण्यांनी लाव्हरीचं हाड ताटलीत टाकलं, बोटं चाटली, मिशीला पुसली आणि पुन्हा रणगाडा धरला. माझ्या घशात तोच वास आला. त्या दिवशी सरसाचा डबा चुलीवर नव्हता.

बाबांनी हळूच विचारलं, "गुरं कुठी हायेत?"

"काय म्हणतात?" पाहुणे.

"गुरं कुठं आहेत, असं विचारतात," मी म्हणालो.

"हां. गुरं केली नाहीत या हिरोने. पुढच्या वेळी कर रे."

"कोठ्याची बल्ली लागलीच हाय," बाबा म्हणाले.

आमच्याकडे उन्हाळ्यात वणवा गावापर्यंत येतो. पळायची वेळ आली की माणूस पोराला काखेत घेतो आणि जाता जाता कोठ्याची बल्ली ओढतो. स्वतःचीच असं नाही, वाटेत ज्याचा कोठा लागेल त्याची. हे कुणी शिकवत नाही. बाबा उठले, टेबलावर वाकले, आपल्या जाड बोटांच्या नखांत ती काडीएवढी बल्ली धरली आणि काढून बाजूला वाळूवर ठेवली. मग परत पायरीवर जाऊन बसले.

पाहुणे मोठ्याने हसले. "तुम्हीपण खेळता का पाटील? घ्या, फासा टाका."

"नाई," बाबा म्हणाले. "तुमचं चालू द्या, भाऊ."

साहेब हसले नाहीत. पण त्यांनी खेळही थांबवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्या दारात आल्या. "कालेजवाले भाऊ, चला. पाहुण्याचं तोंड खरबुजासारखं झालं. साहेब तुमाले बलावून राह्यले."

मी समजलो. बाबा मागून आले.

पाहुणे खाटेवर पडले होते. ओठ सुजून मिशीबाहेर आले होते. डोळ्यांच्या फटी राहिल्या होत्या. मिशी जिथून सुरू होते तिथे आणि बोटांच्या बेचक्यांत पाण्याचे फोड आले होते, काही फुटून वाहत होते. साहेबांच्या उजव्या हातावरही दोनतीन होते.

"पट्ट्यांना काय लावलंस?" साहेबांनी विचारलं. आवाज शांत होता.

"बिब्बा, साहेब."

"का?"

"काळा रंग पक्का बसतो. वाळवी लागत नाही. ऊन दाखवायचं राहिलं होतं…"

"मग काल सांगितलं का नाहीस? तू समोर उभा होतास."

मी काय सांगणार? आमच्याकडे सांगावं लागत नाही, हे उत्तर त्या खोलीत उत्तर वाटलं नसतं. मला खुंट्यांची भिंत आणि खिडकी दिसू लागली. परीक्षा मार्चात होती.

"जाणूनबुजून केलंस?" पाहुणे सुजलेल्या ओठांतून म्हणाले.

"नाही साहेब."

"मले बोलू द्या," बाबा म्हणाले. ते बाईंकडे वळले. "चारोळी हाय का, बाई? आन दूध."

बाईंनी खिरीसाठी ठेवलेली चारोळी काढली. बाबांनी ती स्वतः पाट्यावर दुधात वाटली आणि पाहुण्यांच्या उशापाशी बसले. ज्या घरी मांस शिजतं तिथे पाणीही न पिणारे माझे बाबा त्या वाहत्या चेहऱ्यावर बोटांनी लेप देत होते.

"डोये मिटा, भाऊ. खाजवू नोका. खाजवलं तं फुटते, फुटलं तं पसरते."

"हळू रे."

"हळूच करून राह्यलो."

मला वाटलं होतं की त्या माणसाला असं पडलेलं पाहून मला थोडं बरं वाटेल. मी तसं वाटण्याची वाट पाहिली. नाही वाटलं. कालचा तो तुपकट हसरा चेहरा आणि आजचा हा ओला चेहरा, दोन्हींची मला सारखीच शिसारी आली. मी बाहेर जाऊन पेरूच्या झाडाखाली ओकलो. बाई तांब्या घेऊन आल्या आणि पाणी ओतत राहिल्या.

बाबांना साहेबांनी जाऊ दिलं नाही. रोज दोन वेळा लेप लागत होता. सूज उतरली, खपल्या धरल्या, आणि पाहुणे आरामखुर्चीत बसू लागले. मी रोज बोलावण्याची वाट बघत होतो. सामान बांधून ठेवलं होतं. सामान म्हणजे पुस्तकं आणि एक वळकटी.

बोलावणं आलं. पाहुणे खुशीत होते.

"ये, हिरो. लढाईत असतो तर तुला पदक दिलं असतं. शत्रूच्या रणगाड्याला हात लावला की हात सडतो. काय डोकं आहे." त्यांच्या गालावरची खपली हसताना ताणली जात होती. "मी आणि साहेब बोललो. पुढच्या हिवाळ्यासाठी तू आग ओकणारा रणगाडा करायचा. असायचे आमच्याकडे. पिचकारीसारखं काहीतरी आत बसव, रॉकेल भर, पुढे वात. खरंच पेटला पाहिजे. गाव पुन्हा कर, मोठं."

"आणि माणसं," ते पुढे म्हणाले. "रिकाम्या गावात मजा नाही. मेणाची कर. इकडे रानातलं मेण मिळतं ना? मेण वितळतं. छान दिसेल. आणि गुरं कर, तुझ्या बापाच्या आवडीची."

साहेब फूटपट्टी हातात घेऊन वाळू सारखी करत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बी.ए. होईपर्यंत खोली तुझी. पुस्तकं लागतील ती सांग."

आणि खरं सांगायचं तर माझं डोकं त्याच क्षणी कामाला लागलं. तांदळाच्या दाण्याएवढं डोकं, काडीवर मेण, आत सुताची वात ओवली तर माणूस एकदम कोसळणार नाही, हळूहळू खाली बसेल. एवढं मनात झालं. मग ते दिसलं. विहिरीवर आलेल्या फांदीखाली एक बाई घडा घेऊन हळूहळू खाली बसत होती. मला माझ्याच बोटांची किळस वाटली. पाहुण्यांना नुसतं सुचलं होतं. करायचं कसं ते मला कळलं होतं.

"विचार करून सांगतो, साहेब," एवढंच मी म्हणू शकलो.

खोलीत येऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी तंबाखू मळली, झाडली, तोंडात टाकली.

"कर म्हणतो मी," ते म्हणाले.

"बाबा…"

"मेणच हाय ना ते? आपल्याले काय कराचं? त्याइचा खेळ, ते खेळतीन. तुले शिकाचं हाय. खोली सोडून जाशीन कुठी?"

"मग त्या दिवशी तुम्ही बल्ली काऊन काढली?"

त्यांनी दाराबाहेर जाऊन पिंक टाकली. पाहुण्यांची कुत्री उन्हात पडली होती.

"हात गेला," ते म्हणाले. "सवय होय ते."

"माझा हात जात नाही, बाबा. त्या मेणाकडे जातच नाही."

ते माझ्यावर रागावले नाहीत. समजावलंही नाही. थोड्या वेळाने गाठोड्यातला तांदूळ दोन ठिकाणी वेगळा करू लागले. एक भाग बाईंसाठी. "तुले वाटन तं कर," म्हणाले, "पण परीक्षा सोडजो नोको." संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

मी साहेबांकडे गेलो तेव्हा ते एकटेच टेबलापाशी होते. मोडक्या गावाचा भुगा अजून वाळूत होता. बाबांनी काढून ठेवलेली बल्ली तशीच होती, कुणी हलवली नव्हती. मला खूप बोलायचं होतं. मी वाक्यं पाठ करून गेलो होतो, त्यांनीच शिकवल्याप्रमाणे संपणारी वाक्यं. तोंडातून निघालं ते एवढंच:

"साहेब, मला सरसाचा वास सहन होत नाही."

"मग सरस बदल. तुझा तो बेलाचा डिंक आहे ना?"

"बदलून पाहिला, साहेब. तरी येतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग टेबलाकडे. त्यांना कळलं असावं असं मला वाटतं, पण मी खात्रीने सांगू शकत नाही. फूटपट्टी काठावर ठेवून ते म्हणाले, "पाहुण्यांच्या कुत्र्यांना जागा लागतेच आहे. आज रिकामी कर."

"हो साहेब."

"कंदील घेऊन जा."

कंदील मी घेतला नाही. तो खुंटीला लावून ठेवला. रणगाडे, सुऱ्या, मोहरीची पुडी, साळिंदराचे काटे सगळं तिथेच राहिलं. बाई मागच्या दाराशी उभ्या होत्या.

"चालले, कालेजवाले भाऊ?"

"हो, बाई."

"आता म्हाताऱ्याले खेळणे कोन करून देईन?" असं म्हणून त्यांनी फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या वळकटीवर ठेवल्या. "मटणाच्या तव्यावर नाई केल्या. वायला तवा होता."

पुढचे आठ दिवस मी जागा शोधत फिरलो. देवळाच्या ओवरीत दुसरा विद्यार्थी आला होता. शेवटी पठाणपुरा दरवाज्याच्या बाहेर, कातड्यांच्या गोदामाच्या माळ्यावर जागा मिळाली. खाली मीठ लावलेली कातडी थप्प्या करून ठेवलेली असत. माणसं दिवसभर ती खरवडत, धुवत, उन्हात ताणून बांधत. सरसाच्या वड्या जिथून निघतात ते सगळं माझ्या खिडकीखाली होतं. वास सरसापेक्षा कितीतरी उग्र. पहिल्या दिवशी मी नाकाला उपरणं बांधून पुस्तक उघडलं. काही दिवसांनी उपरणं बांधायचं विसरलो. खालची माणसं काम करताना एकमेकांची थट्टा करत, गात, भांडत. मी परीक्षेचं वाचत असलो की वर ओरडून म्हणत, "मास्तर, जोरात वाचा, आमालेबी कयू द्या." मी वाचायचो. तिथे मला एकदाही मळमळलं नाही.

परीक्षेच्या आधी बाबा एकदा आले. शिडी चढून वर आले, खिडकीतून खाली वाळत घातलेल्या कातड्यांकडे पाहिलं आणि नाकाला हात न लावता माझ्या वळकटीवर बसले.

"इथी झोप येते काय रे?"

"येते, बाबा."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले आणि गाठोड्याची गाठ सोडू लागले.